"छान लिसनर" म्हणे!

आज आमच्या बुक क्लबात अमेरिकन लेखिका कार्सन मॅक्कलर्सची 'द हार्ट इज अ लोनली हंटर' ही कादंबरी होती आणि तिच्यातल्या सिंगर आडनावाच्या नायकाबद्दल एकीनं मान तिरकी करून सांगितलं, "सिंगर किती छान लिसनर आहे ना!" माझं डोकंच सटकलं. अगं बाई, बहिरा आहे तो! ओठ वाचतो, आणि त्यातलंही बरंचसं आपल्याला कळत नाही असं स्वतः पत्रात लिहितो.

मला सगळा वेळ आमचे इस्त्रीवाले काका दिसत होते. रोज ऑफिसातून येताना त्यांच्या टपरीपाशी दहा मिनिटं उभं राहून मी बॉस, सासूबाई, गुडघा सगळं ओकते, ते कॉलरवर पाणी मारत "हो ना ताई" म्हणतात, मी हलकी होऊन घरी.

कादंबरीतल्या त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिरणगावात तरी वेगळं काय चाललंय? संगीतासाठी जीव टाकणारी मिक, पिऊन क्रांतीच्या गप्पा मारणारा जेक, पोटच्या मुलांशी न पटणारे कृष्णवर्णीय डॉक्टर कोपलंड, हॉटेलवाला बिफ, सगळे सिंगरच्या खोलीत जाऊन मन मोकळं करतात. एकदा चौघं एकाच वेळी टपकतात तर एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत!! आणि सिंगरचा जीव अडकलाय अँटोनापोलसमध्ये, वेड्यांच्या इस्पितळात टाकलेल्या मित्रात. त्याला वाचता येत नाही, तरी हा त्यालाच पत्रं लिहितो. तो गेल्याचं कळतं आणि सिंगर स्वतःवर गोळी झाडून घेतो. (स्पॉयलर म्हणून ओरडू नका, पुस्तक १९४० चं आहे.)

मान्य, मधे कंटाळा येतो, कोपलंडचं मार्क्सवरचं भाषण मीही भराभर उलटलं. पण २३ व्या वर्षी हे लिहिलंय बाईनं, आणि आपण काय शिकलो तर लिसनर!

जाऊ दे. मी कुठल्या तोंडानं चिडतेय.

दिवाळीनंतर काकांची टपरी बरेच दिवस बंद होती. उघडली त्या दिवशी मी तणतणतच गेले, "काका, माझा निळा कुर्ता अडकलाय तुमच्याकडे!" त्यांनी गठ्ठ्यातून काढून दिला, म्हणाले, "गावी जावं लागलं ताई." मी पैसे दिले आणि लगेच बॉसचं सुरू केलं. जिन्यात आल्यावर टाळक्यात प्रकाश पडला, काकांनी डोकं भादरलेलं होतं.

तेव्हाच परत खाली उतरायला हवं होतं. नाही उतरले. उद्या विचारू म्हटलं.

आता त्यांचे केस पुन्हा पहिल्यासारखे वाढलेत.