पाण्याने धूर मरत नाही

कास्क स्ट्रेंथ (म्हणजे पिंपातून काढून पाणी न मिसळता बाटलीत भरलेल्या) पीटेड (म्हणजे पीट या दलदलीतल्या मातीच्या इंधनाच्या धुरावर सुकवलेल्या माल्टच्या) स्कॉचबद्दल एक मेसेज फिरतोय: 'पाण्याचा थेंबही घालू नका, त्याने धूर मरतो. घशात जितकी आग, तितका पीट अस्सल. पीपीएमचा (धुराच्या घटकांच्या मापाचा) आकडा मोठा तीच जास्त धुरकट. आणि पाण्याने गढूळ झाली तर ती नकली.' चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी आगीचं बघू. ती अल्कोहोलची असते, पीटची नाही. मिरची झोंबते ती ज्या संवेदकांमुळे, तेच अल्कोहोलनेही चेतवले जातात. साधी स्कॉच ४०-४३ टक्क्यांची, ही बऱ्याचदा ५५ ते ६०. जीभ पोळल्यावर चव कळणार कशी?

आता पाणी. धुराचा वास देणाऱ्या संयुगांपैकी, म्हणजे फेनॉल्सपैकी, एक म्हणजे ग्वायाकोल. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्ल्सन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर त्याच्या रेणूंची हालचाल तपासली. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. ४५ टक्क्यांपर्यंत ते पृष्ठभागाशी राहतं, म्हणजे नाकाच्या जवळ. माझं नाकही हेच सांगतं. पहिला घोट तसाच घ्या, जरूर घ्या. मग ६० टक्क्यांच्या ३० मिलीत चमच्याने थोडं थोडं करत १० मिली साधं पाणी घाला, की ती ४५ वर येते. आधी फक्त स्पिरिट नाकात चढत होतं, तिथे आता आयोडीन येतं, खारा वारा येतो, सुके बोंबील भाजून विझत आलेल्या चुलीचा वास येतो. बर्फ मात्र नको, गारठ्याने वास दबतो.

पीपीएम, म्हणजे दर दहा लाख भागांत फेनॉल्सचे भाग किती, हे मोजतात ते माल्टमध्ये (मोड आणून सुकवलेल्या बार्लीत), ग्लासातल्या व्हिस्कीत नाही. मॅशिंगपासून (माल्ट गरम पाण्यात भिजवण्यापासून) डिस्टिलेशनपर्यंत त्यातलं बरंच गळून जातं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागावुलिन आणि कोल ईला या दोन डिस्टिलरींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्ट कारखान्यातला, पीपीएमही साधारण ३५, तरी लागावुलिन भारदस्त आणि कोल ईला हलकी, स्वच्छ. हा फरक दारू गाळण्याच्या भट्ट्यांचा आणि डिस्टिलेशनच्या पद्धतीचा.

राहिला गढूळपणा. अशी व्हिस्की बहुतेक वेळा थंड करून गाळलेली नसते. पाणी पडलं की व्हिस्कीतले मेदाम्लांचे एस्टर (तेलकट संयुगं) विरघळलेले राहत नाहीत आणि ग्लासात धुकं धरतं. माझ्या एका मित्राने तेवढ्यावरून भरलेला पेग बेसिनमध्ये ओतला होता.