सहीच्या टेबलाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या धाकट्या बहिणीच्या नोंदणी विवाहातील आमच्या मांडणी-सजावटीच्या कामाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. सहीचे टेबल समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली मांडायचे ठरलेले असताना आम्ही ते ऐन वेळी घराच्या पडवीत हलवले, त्यावर फुले किंवा समई नसल्यामुळे ते कचेरीतल्या टेबलासारखे दिसले, वधूला आजोबांच्या पेनाने सही करू दिली नाही आणि तिसरे साक्षीदार असलेल्या आपल्या काकांना उभ्याने सही करावी लागली, अशा आपल्या चार तक्रारी आहेत.

काकांच्या खुर्चीबाबत मला कोणतेही स्पष्टीकरण द्यायचे नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, हे आम्हांला पाठ आहे आणि त्या दिवशी तीन खुर्च्या मांडल्याही होत्या. छायाचित्रकारांना जागा हवी म्हणून आमच्याच माणसाने एक खुर्ची मागे नेली, ती परत आणली नाही आणि माझेही तिकडे लक्ष गेले नाही. वयाने सर्वांत मोठे असलेले गृहस्थ वाकून सही करत आहेत, हे दृश्य आपल्या छायाचित्रांत कायमचे राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

पेनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या पेनात पाण्याने धुतली जाणारी निळी शाई भरलेली होती आणि ही गोष्ट आम्हांला सही करण्याच्या वेळी कळली. विवाह प्रमाणपत्र पुस्तकातली सही वर्षानुवर्षे टिकायची असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत अशी शाई पसरते, म्हणून मी दुसरे पेन पुढे केले. तेवढे मला आजही योग्य वाटते. परंतु आदल्या दिवशी आपण सगळे बसून बोललो, तेव्हा सही कोणत्या पेनाने करणार हा साधा प्रश्न मी विचारला असता, तर रात्रीतून निब धुऊन, टिकाऊ काळी शाई भरून, जाड कागदावर दोन-चार वेळा चालवून ते पेन तयार ठेवता आले असते. हा प्रश्न विचारणे आमचे काम होते, आपले नव्हे.

आता जागेविषयी. विवाह अधिकाऱ्यांची वेळ दुपारी साडेतीनची होती. उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको. टेबलाचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून आम्ही खाली फळ्या घातल्या होत्या, कागदांवर ठेवायला पितळी वजनेही आणली होती. पण दोन वाजता एक जाड वही उघडून पाहिली, तेव्हा तिची पाने हाताने धरूनही स्थिर राहीनात आणि दोन मिनिटांत शिवणीपर्यंत वाळू गेली. कायद्याप्रमाणे जादा शुल्क भरून कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर विवाह लावता येतो. मात्र ज्या पुस्तकात सह्या होतात, त्यात इतर जोडप्यांच्याही नोंदी असतात आणि त्यातले प्रमाणपत्र विवाहाचा निर्णायक पुरावा मानले जाते. त्या पुस्तकाला वाळू आणि खारा ओलावा लागू देणे मला पटले नाही. पडवीत वारा अडत होता आणि उजेड डावीकडून येत असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडत नव्हती. निर्णय बरोबर होता, परंतु तो घेण्याआधी मी वधूला विचारले नाही, ही मात्र माझी चूक आहे. तिने तो कोपरा आधीच निवडला होता, तेव्हा निदान तिच्यापाशी जाऊन कारण सांगायला हवे होते.

टेबल मोकळे ठेवण्यामागेही असाच अनुभव आहे. ताज्या वळेसरांवर, म्हणजे फुलांच्या गजऱ्यांवर, पाणी शिंपडलेले असते, ते कागदावर ठिबकते. सुरंगीच्या फुलांचे पिवळे पराग पांढऱ्या कागदावर डाग पाडतात. आणि समईची ज्योत सुट्या कागदांशेजारी ठेवण्याचे धाडस आम्ही करत नाही, म्हणून ती उंबऱ्याजवळ पाटावर ठेवली होती. टेबलावर मखमल अंथरली, तर पेनाचे टोक कागदात घुसते. म्हणून कापड फक्त पुढच्या बाजूने सोडतो. तरीही आपला अपेक्षाभंग का झाला, हे मी समजू शकते. आमच्या पानावर सुरंगीने भरलेल्या टेबलाचे जे छायाचित्र आहे, ते सह्या झाल्यानंतर, पुस्तक उचलल्यावर घेतलेले आहे आणि तसे तिथे लिहिलेले नव्हते. आज ते लिहिले आहे. आपल्याकडेही सह्यांनंतर टेबल सजवायचे ठरले होते. पाहुणे जेवायला वळले आणि ते राहून गेले. सुरंगीचे वळेसर टोपलीतच राहिले.

टेबलाच्या मांडणीची आणि सजावटीची पूर्ण रक्कम मी आपल्याला परत करत आहे. ती कोणत्या खात्यावर पाठवावी, हे कृपया खासगी निरोपाने कळवावे. काकांची क्षमा मला स्वतः मागायची आहे. आपण परवानगी दिलीत, तर त्यांच्या सोयीच्या दिवशी मी घरी येऊन त्यांना भेटेन.