सांगलीत बसून शत्रू कुठं उतरणार ते ओळखा

शत्रू समुद्रातून कुठं उतरणार याचा अंदाज बांधायचाय? मग पहिलं पथ्य: समुद्राच्या जवळ जाऊ नका. समुद्र दिसला की माणसाला शंका येतात. त्यापेक्षा सांगली बरी. आयर्विन पुलाजवळचा एखादा कट्टा धरा, भडंगाची पुडी सोडा आणि त्याच कागदावर नकाशा मांडा. कुरमुरे समुद्र, शेंगदाणे सैन्य. पावसाळ्यात "आज किती फूट?" एवढं विचारून कृष्णा कुठवर चढणार ते इथं कुणीही छातीठोक सांगतो. त्याला इंग्लिश खाडीचं काय एवढं!

हसू नका. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुजोल या स्पॅनिश गड्यानं हेच केलं. लिस्बनमध्ये बसून, गाइडबुक आणि रेल्वेचं वेळापत्रक चाळून त्यानं जर्मनांचा हेर बनून त्यांना 'इंग्लंडातून' बातम्या धाडल्या. ग्लासगोत लिटरभर वाइनसाठी लोक वाट्टेल ते करतात, असंही कळवलं. व्हिस्कीच्या मुलखात वाइन! जर्मनांना काही खटकलं नाही. पुढं इंग्रजांनी त्याला जर्मनांना फसवायलाच लंडनला नेलं, 'गार्बो' नाव दिलं. तिथं त्यानं 27 हस्तक उभे केले, सगळे कागदावर. लिव्हरपूलचा हस्तक अडचणीचा ठरला, तेव्हा त्याला आजारी पाडून मारला, पेपरात निधनवार्ता दिली आणि विधवेला जर्मनांकडून पेन्शन लावून घेतली. आपल्याकडं खऱ्या विधवेला किती खेपा घालाव्या लागतात, ते राहू द्या.

दुसरं पथ्य: अंदाज एकदा बांधला की हलवायचा नाही. जर्मनांचा अंदाज, इंग्लंडातून शत्रू उतरणार तो फ्रान्सच्या कॅलेत. खाडी तिथंच सगळ्यात अरुंद, शिवाय समोर अमेरिकेच्या जनरल पॅटनचं अख्खं सैन्य, म्हणजे बरेचसे रबरी रणगाडे आणि खोटे वायरलेस संदेश. हवा खराब, आता कोण येतंय म्हणून जर्मन सेनापती रोमेल बायकोच्या वाढदिवसाला घरी गेला. 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं फ्रान्सच्याच नॉर्मंडीत. अशा वेळी चूक कबूल करायची नसते, 'ही नुसती हूल' म्हणायचं. गार्बोनंही तेच कळवलं. जर्मनांचं 15 वं सैन्य पुढं कित्येक आठवडे कॅलेची वाट अडवून बसलं. या कामगिरीबद्दल त्याच वर्षी त्याला जर्मनांनी आयर्न क्रॉस दिला, इंग्रजांनीही पदक दिलं.

आमच्या कट्ट्यावरच्या अण्णांनी नॉर्मंडीचे शेंगदाणे केव्हाच खाल्ले. कॅलेच्या ढिगाला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "थांबा की जरा, खरा हल्ला अजून यायचाय."