आंदणात दिलेला आपला किल्ला

राजघराण्यातल्या भावंडांचा विषय निघाला की गप्पा भावाभावांच्या वैरावर येऊन थांबतात. गादीसाठी कोणी कोणाला कैद केलं, कोणाचे डोळे काढले. बहिणींचं नावही निघत नाही. सोलापूरकर म्हणून मला हे फार खुपतं, कारण आपला भुईकोट किल्ला सोळाव्या शतकात बहिणी-लेकींच्या लग्नांतच अडकलेला होता.

१५२४ साली सोलापुरातच शाही लग्न लागलं. विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाने बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. आंदणात हा किल्ला द्यायचं ठरलंय, असं नगरवाल्यांचं म्हणणं. विजापूरने तो काही सोडला नाही. वर्षभरात मेहुण्यांच्या फौजा समोरासमोर! माहेर-सासर दोन्हीकडे तलवारी उपसलेल्या असताना त्या मरियमचे दिवस कसे गेले असतील?

पुढच्या पिढ्यांत तर चक्क साटंलोटं झालं. हुसेन निजामशाहाची लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, सोबत आंदणात सोलापूर. अलीची बहीण चांदबीबीच्या भावाला, मुर्तझाला. ही सोयरीक जमली म्हणून १५६५ मध्ये दोन्ही घराणी विजयनगरविरुद्ध एका बाजूने उभी राहिली.

आता या मुर्तझाचं बघा. सख्खा भाऊ बुऱ्हाण (मरियमचा नवरा बुऱ्हाण वेगळा) त्याच्यावर उलटला, फसला आणि थेट अकबराच्या आश्रयाला गेला. १५८८ मध्ये मुर्तझाचा जीव पोटच्या पोराने घेतला. १५९१ मध्ये बुऱ्हाण परत आला तो स्वतःच्या मुलाला गादीवरून उतरवूनच. ही माणसं जन्मतः दुष्ट होती, असं मला वाटत नाही. राजानंतर कोण, याचा पक्का नियम नव्हता. नाराज सरदारांना पुढे करायला राजाचा भाऊ आयता मिळायचा, म्हणून राजाला पहिली धास्ती भावाचीच. बहीण गादी मागणार नव्हती. तिच्यावर विसंबता येत होतं, आणि तिला न विचारता किल्ल्यासोबत देऊनही टाकता येत होतं. दोन्ही खरं.

चांदबीबीने मात्र दोन्ही घरं सांभाळली. अली निपुत्रिक गेला, तेव्हा दिराचा लहानगा मुलगा इब्राहिम गादीवर बसला आणि तिने विजापूरचा कारभार पाहिला. १५९५ मध्ये मुघलांनी नगरला वेढा घातला. त्या वेळी ती लढली ती त्याच बुऱ्हाणच्या नातवासाठी, बहादूरसाठी! सुरुंगाने तट फुटला, तर ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. तिच्या मदतीला विजापूरहून फौज निघाली, ती इब्राहिमने पाठवलेली. शेवटी वऱ्हाड प्रांत मुघलांना देऊन तह झाला, नगर वाचलं. १६०० मध्ये तिला मारलं ते नगरच्याच लोकांनी, मुघलांना फितूर असल्याचा आळ घेऊन. माझ्या मते दख्खनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

आपल्या किल्ल्यावर पोरांना नेता तेव्हा बुरूज, खंदक जरूर दाखवा. पण मरियम आणि चांदबीबी ही नावंही सांगा. नगरइतकाच चांदबीबीवर आपल्या सोलापूरचाही हक्क आहे.