ड्यूटी भरायला माझी ना नाही, पण हिशोब दाखवा

परदेशात राहणाऱ्यांच्या गप्पांत बाहेरून आलेल्या पार्सलचा विषय निघाला की सगळ्यांचा राग कस्टम्सवर निघतो. सरकार लुटतंय, घरून आलेल्या वस्तूंनासुद्धा सोडत नाहीत, वगैरे वगैरे. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. ड्यूटीचे आणि व्हॅटचे दर जाहीर असतात, कुणालाही शोधून वाचता येतात. ते पैसे मी भरते, कुरकुर न करता. माझं डोकं फिरतं ते बिलाच्या तळाशी असलेल्या एका ओळीमुळे. तिला कुणी 'हँडलिंग' म्हणतं, कुणी 'क्लिअरन्स', कुणी 'डिस्बर्समेंट'. त्यातला एक छदामही सरकारकडे जात नाही.

आधी खरा कर कसा होतो ते बघू. युरोपियन युनियनमध्ये बहुतेक कपड्यांवर १२ टक्के ड्यूटी आहे. समजा, युनियनबाहेरून २०० युरोचे कपडे मागवले आणि पाठवणावळ ४० युरो पडली. ड्यूटी २०० वर लागत नाही, २४० वर लागते, कारण तिथे मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरतात. झाले २८.८०. आता व्हॅट. तो लागतो २६८.८० वर, म्हणजे ड्यूटी मिळवून झालेल्या रकमेवर. फ्रान्समधला २० टक्क्यांचा दर धरला तर ५३.७६. एकूण ८२.५६ युरो. करावरही कर लागतो हे पहिल्यांदा कळलं की माणूस कॅल्क्युलेटर पुन्हा चालवून बघतो. पण गणित बरोबर असतं. (अमेरिकेत ड्यूटी मोजताना आंतरराष्ट्रीय वाहतूक वगळतात, तेवढा तिथल्या लोकांना दिलासा.) रक्कम जड आहे, मान्य. पण तिचा प्रत्येक आकडा मला घरबसल्या पडताळता येतो.

आता ती तळाची ओळ. कुरियर कंपनी आपल्या वतीनं कर आधी भरते, पार्सल सोडवून आणते आणि मग आपल्याकडून वसूल करते. या कामाचे पैसे घ्यावेत, त्यालाही हरकत नाही. पण फी ठरते कशी? बऱ्याचदा 'कराच्या अमुक टक्के किंवा किमान इतके, यांपैकी जे जास्त असेल ते'. साहजिकच छोट्या पार्सलवर नेहमी ती किमान रक्कमच लागते. कर थोडासा आणि फी त्याच्या दुप्पट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय ही कंपनी मी निवडलेली नसते. ती निवडतो पाठवणारा, पाठवणावळ घेतात त्याच्याकडून, आणि फीचा कागद येतो माझ्या हातात, तोही दारात, पार्सल समोर दिसत असताना. नाही म्हणायची सोय आहे म्हणा! पार्सल परत जातं किंवा गोदामात पडून त्याचं भाडं चढतं. माझ्या दृष्टीनं ही खंडणी नसली तरी तिच्या शेजारच्याच घरात राहते.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे छोट्या पार्सलना असलेल्या सवलती एकामागून एक चालल्यात. ब्रिटननं १५ पौंडांपर्यंतची व्हॅटमाफी १ जानेवारी २०२१ ला काढली. युरोपियन युनियननं २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी त्याच वर्षी १ जुलैला. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल ड्यूटीशिवाय येत होता. ती सवलत २ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी गेली आणि २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी. त्या वेळी अनेक देशांच्या टपालखात्यांनी अमेरिकेची पार्सलं घेणंच काही काळ थांबवलं होतं, कारण ड्यूटी गोळा कुणी आणि कशी करायची हेच ठरलं नव्हतं. स्वस्त मालाचा पूर आला होता, स्थानिक दुकानदार ओरडत होते. सरकारांची बाजू मला समजते. पण पूर्वी माफीत बसणारी किरकोळ पाकिटंसुद्धा आता करपात्र झाली, आणि त्यांच्या मागोमाग ती फीसुद्धा आली. सरकारं कराबद्दल पानंच्या पानं लिहितात. फीवर मर्यादा घालायची मात्र कुणाला घाई दिसत नाही.

दुकानातून मागवताना यातून बरंचसं सुटता येतं. युरोपियन युनियनमध्ये आयओएसएस नावाची योजना आहे. १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट दुकानदार विक्रीच्या वेळीच घेतो आणि पार्सल दारात विनाबिल येतं. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत साधारण तशीच पद्धत आहे. यात गोची एकच होते. दुकानदाराचा आयओएसएस क्रमांक पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत नीट गेला नाही, तर तोच व्हॅट दारात पुन्हा मागतात. म्हणून ऑर्डरची पावती, व्हॅटचा आकडा दिसेल अशी, जपून ठेवायची. मोठ्या खरेदीत डीडीपी आणि डीएपी यांतलं काय आहे ते पैसे भरण्याआधी बघायचं. डीडीपी म्हणजे कर विक्रेत्यानं भरायचा, डीएपी म्हणजे तुम्ही. 'फ्री शिपिंग' असं ठळक लिहिलेल्या पानावर डीएपी कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडतं.

घरून येणाऱ्या पार्सलचं दुखणं वेगळं. तिथे गोंधळ बहुतेक वेळा आपल्याच बाजूला सुरू होतो. मागे बाबांनी मला एक खोकं पाठवलं: माझा जुना स्वेटर, काही पुस्तकं, एक शाल. आलेली ड्यूटी बघून मी चक्रावले आणि त्यांना फोन केला.

"बाबा, फॉर्मवर किंमत किती लिहिलीत?"

"अगं, भरपूर लिहिली. हरवलं बिरवलं तर भरपाई नको का मिळायला?"

"आणि वस्तूंच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"पर्सनल आयटम्स. सगळं कशाला सांगायचं त्यांना?"

बाबांचं त्यांच्या जागी बरोबरच होतं. त्यांच्या मनात तो विम्याचा कागद. पण सीएन २३ हा परदेशी पार्सलवर लावायचा फॉर्म जितका टपालखात्यासाठी, तितकाच पलीकडच्या कस्टम्ससाठी असतो. तिथला अधिकारी पार्सल उघडून तुमच्या स्वेटरची भोकं मोजत बसत नाही. तो कागद वाचतो. कागदावर जुन्या स्वेटरला नव्याची किंमत असेल तर कर नव्याचाच. आणि 'पर्सनल आयटम्स' लिहिल्यावर त्यातल्या पुस्तकांचा फायदा गेलाच. युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर ड्यूटी शून्य आहे, ब्रिटनमध्ये तर व्हॅटही शून्य. पण खोक्यात पुस्तकं आहेत हे कुणीतरी लिहायला तर हवं! पुस्तकं इतकी, छापील, वापरलेली, किंमत अमुक. स्वेटर एक, लोकरीचा, वापरलेला, किंमत तमुक. प्रत्येकाला वेगळी ओळ. जमलं तर सोबत एचएस कोड, म्हणजे वस्तूच्या प्रकाराचा कस्टम्सचा क्रमांक, ज्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. त्या यादीत पुस्तकं ४९ व्या प्रकरणात येतात. आता बाबा खोकं चिकटवायच्या आधी फॉर्मचा फोटो पाठवतात आणि मी इकडून मास्तरीणबाईसारखी लाल खुणा करते.

याच्या उलट टोकाचे लोकही आहेत. सगळ्यावर 'गिफ्ट' लिहायचं आणि किंमत नाममात्र. हे मला अजिबात पटत नाही, आणि कायद्याची भीती हे त्याचं एकमेव कारण नाही. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच नाममात्र किमतीची मिळते. शंका आली तर कस्टम्स पावती मागतं आणि पार्सल आठवडाभर अडकतं. गिफ्टलाही अटी असतात: युरोपियन युनियनमध्ये ४५ युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत, एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता, अधूनमधून पाठवलेलं. दुकानानं थेट पाठवलेल्या खोक्यावर गिफ्ट लिहिलं म्हणून ते गिफ्ट होत नाही. शंभर जणांनी खोटं लिहिलं की एकशे एकाव्याचं खरं गिफ्टही उघडून बघतात, आणि तो एकशे एकावा बहुधा मी असते.

नव्यानं स्थलांतर करणाऱ्यांनी एक सवलत आवर्जून वापरावी. घरसामानावर युरोपियन युनियन आणि ब्रिटन दोन्हीकडे करमाफी मिळू शकते: आधी किमान १२ महिने बाहेर राहिलेले असाल, वस्तू किमान सहा महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या असतील आणि मुक्काम हलवल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणल्या असतील तर. अर्ज मात्र शक्यतो सामान निघायच्या आधीच करायचा. लोक नोकरी, घर, शाळा यांत गुंततात आणि दीड वर्षानं सवडीनं खोकी मागवतात. तोवर मुदत गेलेली.

कर उरावर बसलाय असं वाटलं तर दाद मागता येते. बाबांच्या त्या खोक्यासाठी मी मागितली. स्वेटरचे फोटो, पुस्तकांची यादी, फॉर्मची प्रत आणि बाबांचं सहीचं पत्र, असं सगळं जोडून पाठवलं. कस्टम्सकडून पत्र आलं, त्यात नवीन हिशोब ओळीनिशी मांडलेला होता आणि जास्तीची रक्कम खात्यात जमा झाली. कुरियर कंपनीकडे मी त्यांच्या फीचा हिशोब मागितला होता. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: फी परत मिळणार नाही, दरपत्रक वेबसाइटवर आहे. दरपत्रक मी पाहिलं. त्यात फीचा आकडा आहे, ती कशाबद्दल आहे ते नाही. ग्राहक तक्रार मंचाकडे अर्ज केलाय.