जबडा नव्हता, पायांनीच चावायचे!

ट्रायलोबाइट या कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या, कवचधारी समुद्री प्राण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘ट्रायलोबाइट मजबूत जबड्यांनी भक्ष्य फोडत’ हे वाक्य खटकलं. अहो, त्यांना जबडाच नव्हता! डोक्याखाली, तोंडाच्या पुढे एक कडक पट्टी असायची, हायपोस्टोम. लेखातल्या चित्रात जबडा म्हणून दाखवलंय ते बहुधा तेच. चावायचं काम पायांचं. प्रत्येक पायाच्या बुडाशी आतल्या बाजूला काटे. समोरासमोरचे पाय एकमेकांकडे सरकले की मधलं अन्न भरडलं जायचं आणि पोटाखालच्या पन्हाळीतून पुढे तोंडाकडे ढकललं जायचं. म्हणजे घास मागून पुढे! कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध खडकातल्या ओलेनॉइडीस नावाच्या ट्रायलोबाइटमध्ये हे काटे छान दिसतात. आजचा हॉर्सशू क्रॅब हा कवचधारी समुद्री प्राणीही असाच पायांच्या बुडांनी चावतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर तो सापडतो.

पाठीचं कवच कॅल्साइटचं म्हणून टिकलं, पाय मऊ म्हणून सहसा गेले. म्हणूनच 2024 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेले मोरोक्कोचे ट्रायलोबाइटचे जीवाश्म भारी. ज्वालामुखीच्या राखेत झटक्यात गाडले गेल्यामुळे त्यांच्यात तोंडाची फट आणि वरचा मांसल ओठसुद्धा दिसतो. लेखात यांचा उल्लेखही नाही, याचं जरा आश्चर्य वाटलं. तेवढं वाक्य दुरुस्त करता आलं तर बघा.