मॉर्फीन ‘फक्त डोकं सुन्न करते’? त्या मेसेजला उत्तर

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोयाबीनच्या भावासोबत सध्या एक मेसेज फिरतो आहे : ‘कॅन्सरवाल्याला मॉर्फीन देऊ नका. ती अफू आहे. दुखणं तसंच राहतं, फक्त मेंदू बधिर होतो. माणूस व्यसनी होतो, शेवटी श्वास बंद पडतो.’ आमच्या गल्लीतल्या काकाजींच्या मुलानं तो वाचून गोळी बंद केली. काकाजी दोन रात्री खाटेवर बसून होते.

अफूपासून बनते, हे खरं.

‘फक्त मेंदू’ हे चूक. काकाजींच्या कंबरेतलं दुखणं बारीक नसांमधून आधी मज्जारज्जूत येतं. तिथल्या मागच्या बाजूच्या थरात नस रसायनं सोडून पुढच्या पेशीला निरोप देते. नेमक्या त्या जोडावर म्यू नावाचे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी औषधं चिकटायच्या जागा, असतात. मॉर्फीन त्यांना चिकटलं की नसेच्या टोकाशी कॅल्शियमची वाट आवळते, ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोपाची रसायनं कमी सुटतात. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती सहज पेटत नाही. वावरातली मोटर थांबवायला कोणी कोराडीचं पॉवर हाऊस बंद करत नाही, डीपीवरच भागतं. १९७६ मध्ये याक्श आणि रूडी या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती थेट मॉर्फीन सोडलं : वेदना दबली, आणि नॅलोक्सोन हे मॉर्फीनचा उतारा असलेलं औषध देताच तो परिणाम पुसला गेला. आज सिझरच्या वेळी कमरेतल्या इंजेक्शनात बऱ्याच ठिकाणी ०.१ मिलीग्रॅमच्या आसपास मॉर्फीन घालतात. बाई जागी असते, बाळ बघते, आणि पुढचे बरेच तास टाके कमी दुखतात. गोळी मेंदूवरही काम करते, नाही कशाला म्हणू? सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते.

‘पन व्यसन लागलं त?’ मुलानं विचारलं. त्या दोन रात्री काकाजींना घाम फुटला, जुलाब लागले, ते गोळी एकदम तोडल्यामुळे. ही शरीराची सवय. डोस हळूहळू उतरवला तर हे टळतं. व्यसन वेगळं, खर्रा घोटणाऱ्या गावाला ते काय सांगायचं! देखरेखीत त्याचा धोका कमी असतो, शून्य नसतो.

श्वासाचं भय मात्र पोकळ नाही. श्वास चालवणाऱ्या ब्रेनस्टेममध्येही, म्हणजे मेंदूच्या बुडाशी, हेच रिसेप्टर आहेत. म्हणूनच डोस थोड्यापासून वाढवतात, आणि सोबत दारू किंवा मनानं घेतलेली झोपेची गोळी चालत नाही.

जे लिहायला हवं होतं, ते मेसेजात नाहीच : आतड्यातही हे रिसेप्टर असतात, त्यामुळे शौचाला घट्ट होतं, आणि गुंगीसारखं ते आपोआप ओसरत नाही. पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. काकाजींचं ते संपलं होतं.